तोंडी सगळं येतं, मग वाचताना का अडतं?

प्रश्न : ताई, मी चौथीला शिकवते, वर्गात ४० मुलं. त्यातला एक मुलगा तोंडी काहीही विचारा, फटाफट सांगतो, हिशोबात तर सगळ्यांच्या पुढे, पण पुस्तक समोर धरलं की अडलाच. 'कविता'चं 'किवता' वाचतो, जोडाक्षर आलं की गप्प बसतो, वही म्हणजे नुसती खाडाखोड. घरचे म्हणतात आळशी आहे, एकेक शब्द दहादा लिहून घ्या. तेही करून झालं, काही फरक नाही. काय करू? आणि त्याला वेगळं वागवलं तर बाकीच्या ३९ जणांवर अन्याय नाही का?

उत्तर : बाई, आधी ते दहा वेळा लिहून घेणं बंद करा, आजच. तो शब्द बघून चित्रासारखा उतरवतो, हात दुखतो, पण अक्षर आणि आवाज यांची गाठ काही पडत नाही. आणि आळशी तर तो नाहीच, आळशी मूल हिशोबात पुढे कसं असेल?

तुमचं पत्र वाचून मला १८९६ सालची एक नोंद आठवली. प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १४ वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहून ठेवलंय, ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार त्याने भराभर आणि बरोबर केला, पण स्वतःचं नाव लिहिताना अक्षरं उलटसुलट झाली. त्याचे मास्तर म्हणायचे, सगळं तोंडी शिकवलं असतं तर हाच शाळेत सगळ्यात हुशार ठरला असता. तुमचंच पत्र वाटतंय ना? याला आज आपण डिस्लेक्सिया म्हणतो. तुमच्या मुलाला तोच आहे असं मी पत्रावरून नाही सांगू शकत, आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग तज्ज्ञांकडून रीतसर चाचणी. पण रिपोर्ट येईपर्यंत थांबायची गरज नाही.

आता ते 'किवता' बघा. 'कविता' लिहिताना पहिली वेलांटी क आणि व च्या मध्ये उभी असते, ती आहे व ची, पण दिसते आधी. तो डावीकडून उजवीकडे इमानदारीत वाचत जातो, वाटेत वेलांटी भेटली की मागच्या क ला लावून टाकतो. म्हणजे चूक आहे पण तिच्यामागे विचार आहे, आणि हे त्याला कुणी उघड सांगितलेलंच नाही की बाबा, ही वेलांटी पुढच्या अक्षराची. सांगा ना! वेलांटी आणि तिचं अक्षर एकाच रंगात लिहा, त्याला त्यावरून बोट फिरवायला लावा, फिरवताना तोंडाने 'वि' म्हणायला लावा. डोळा, कान, हात एकदम कामाला लावायची ही पद्धत अमेरिकेतले डॉक्टर ऑर्टन आणि शिक्षिका गिलिंगहॅम यांच्या कामातून पुढे आली, १९३० च्या दशकात. पण नुसतं बोट फिरवून काही होत नाही हं, खरं काम करतं ते एका वेळी एकच गोष्ट क्रमाने आणि स्पष्ट शिकवणं आणि मागचं पुन्हा पुन्हा घेणं. र चंच घ्या, 'सूर्य'मध्ये डोक्यावर, 'प्रकाश'मध्ये पोटात तिरकी रेघ, 'राष्ट्र'मध्ये ट च्या खाली, 'दऱ्या'मध्ये आणखीनच वेगळा. चारही एका दिवसात शिकवले तर सगळाच गोंधळ. एक पक्का होऊ दे, मग दुसरा. रोज १५ मिनिटं पुरे, पण रोज.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हे, की वाचन येईपर्यंत त्याचं बाकीचं शिकणं अडवून धरू नका. विज्ञानाचा धडा त्याला वाचून दाखवा, उत्तर तोंडी घ्या, पेपरला जास्त वेळ द्या, शुद्धलेखनाचे मार्क विज्ञानात कापू नका. वर्गात अचानक उभं करून वाचायला तर कधीच लावू नका, वाचायचा परिच्छेद आदल्या दिवशी द्या म्हणजे तो तयारी करून येईल.

राहिला ३९ जणांचा प्रश्न. 'वह्या काढा, तारीख घाला, ४२ वं पान उघडा, दुसरा प्रश्न सोडवा' हे आपण एका दमात बोलतो आणि मग अर्धा वर्ग शेजारच्याला विचारत बसतो, हो की नाही? एकेक सूचना द्या, फळ्यावर लिहा, वाचूनही दाखवा, केलं तुम्ही एकासाठी, सोय झाली चाळिसांची. आणि कुणी विचारलंच 'त्याला जास्त वेळ का', तर सरळ सांगा, त्याला वाचायला जास्त वेळ लागतो म्हणून. मुलांना पटतं.

प्रश्न : माझी मुलगी व्हिज्युअल लर्नर, म्हणजे बघून शिकणारी, आहे असं सांगितलंय. तिला फक्त चित्रांतूनच शिकवायचं का?

उत्तर : नाही. बघून शिकणारी, ऐकून शिकणारी असे मुलांचे गट पाडून त्याप्रमाणे शिकवलं की जास्त येतं, याला भक्कम पुरावा नाही, २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासून हेच म्हटलंय. विषय काय आहे ते बघा, नकाशा बघूनच कळणार आणि कविता ऐकूनच. चित्रं आवडतात तर जरूर दाखवा, पण सोबत बोला, लिहू द्या, हाताने करून बघू द्या. आणि ती कुठे अडते ते नेमकं, शब्दासकट, एका वहीत टिपून ठेवा, तिच्या बाईंना त्याचाच जास्त उपयोग होईल.