आंबा घाट उतरण्याआधी

भावा, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या सर्वेक्षणाला लागलास, लई भारी! पण शिवाजी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मासा ट्रेमध्ये गप पडून असायचा. बंदरावर तो लिलावाच्या गोंगाटात हातातनं निसटतो.

१९४७ साली सुरू झालेली ही संस्था किनाऱ्यावर किती मासळी उतरली याचा अंदाज काढते. सगळ्या होड्या मोजणं शक्य नाही, म्हणून ठरलेल्या दिवशी काहीच निवडायच्या. ओळखीचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, चहा पाजतो म्हणून त्याचीच होडी धरू नकोस.

बांगड्याचा नमुना घेताना टोपलीतले वरचे देखणे मासे उचलायचा मोह होतो. मी पहिल्या महिन्यात तेच केलं आणि कागदावर बांगडे फुगले! बारकेही घे. आपल्या उष्ण समुद्रातल्या माशाच्या कानातल्या खड्यावर वय सांगणारी वर्षाची वलयं नीट उमटतीलच असं नाही, त्यामुळं वाढीचा हिशेब बराचसा लांबीच्या नोंदींवर चालतो. लांबी शेपटीच्या टोकापर्यंत घेतलीस की खाचेपर्यंत, तेही लिही. मग पोट फाडून अंडाशय बघ. एकदाही अंडी न घातलेले किती मासे जाळ्यात आले, ते तिथंच कळतं.

पेन्सिलच वापर, ओल्या वहीत शाई पसरते. मासळीवाल्या मावशींना विचारल्याशिवाय टोपलीला हात लावू नकोस.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा रंकाळ्यावर ये, पण वह्या घेऊन. आकडे मिळूनच तपासू.