जपानी पाहुण्यांशी पहिल्यांदा बोलताना

प्रश्न : डिसेंबरमध्ये मी जपानीची एन-४ परीक्षा पास झाले. आता चाकणच्या आमच्या कारखान्यात जपानहून इंजिनिअर येणार आहेत आणि दुपारच्या जेवणाला मला त्यांच्यासोबत बसायचं आहे. मध्यंतरी व्हिडिओ कॉलवर माझं पहिलं वाक्य छान जमलं, पण समोरून उत्तर आलं आणि मी गप्पच झाले. पंधरा दिवसांत काय तयारी करता येईल?
– एक वाचक, पुणे

उत्तर : जेएलपीटीत, म्हणजे तुम्ही दिलेल्या जपानी भाषेच्या परीक्षेत, बोलण्याची परीक्षाच नसते. ऐकण्याचा भाग असतो, पण तिथे पर्याय निवडला की काम झालं. कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. त्यामुळे आणखी वाक्यं पाठ करण्यापेक्षा समोरचं उत्तर झेलायची तयारी करा.

त्यासाठी दोन वाक्यं जिभेवर हवीत : ‘सुमिमासेन, मो इचिदो ओनेगाइशिमासु’ (माफ करा, पुन्हा एकदा सांगाल का) आणि ‘मो सुकोशि युक्कुरि ओनेगाइशिमासु’ (जरा सावकाश). याहून उपयोगी युक्ती म्हणजे अडलेला शब्द जसा ऐकू आला तसाच उचलून विचारणं. ‘शुच्चो’ कळलं नाही, तर ‘शुच्चो वा नान देसु का?’ (शुच्चो म्हणजे काय?) मग समोरचा फक्त तेवढंच सोपं करून सांगतो (कामानिमित्तचा दौरा), सगळं वाक्य पुन्हा म्हणत नाही.

ते बोलत असताना मध्येमध्ये ‘हाइ’ (हो), ‘सो देसु का’ (असं का) म्हणत राहा, आपण फोनवर ‘हं, हं’ करतो तसं. अगदी शांत बसलात तर त्यांना वाटतं की तुम्हाला कळत नाहीये, आणि गाडी इंग्रजीवर जाते. मात्र हा ‘हाइ’ म्हणजे ‘ऐकतेय’ इतकंच. न कळता ‘हाइ, हाइ’ करत गेलात तर शेवटी प्रश्न येतो आणि तिथे फजिती होते. अडलं की लगेच थांबवा.

आता तुमची वाक्यं. ती आधी इंग्रजीत जुळवू नका, सरळ मराठीवरून जा. ‘मी काल मुंबईहून आले’ हे ‘वाताशि वा किनो मुंबई कारा किमाशिता’ असं त्याच क्रमाने होतं. समोरच्याला ‘अनाता’ (तुम्ही) म्हणू नका. आडनावाला आदरार्थी ‘सान’ लावा. स्वतःच्या नावाला मात्र ‘सान’ कधीच नाही. ‘निहोन नो दोचिरा देसु का?’ (जपानमध्ये कुठले?) हा प्रश्न हमखास चालतो, कारण गावावरून जेवणाकडे आणि हवेकडे सहज वळता येतं.

उच्चारात मराठी माणसाला ‘त्सु’ सोपा जातो; ‘चूल’मधला च तिथे चालतो. घोटाळा होतो तो लांबीत. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. जोडाक्षरापाशीही क्षणभर थांबायला हवं : ‘किते’ म्हणजे ये, ‘कित्ते’ म्हणजे टपाल तिकीट. रोज दहा मिनिटं पाठ्यपुस्तकाच्या ध्वनिफितीमागोमाग मोठ्याने म्हणा, ते रेकॉर्ड करा आणि फक्त या लांबीकडे कान ठेवून ऐका.

कारखाना आहे म्हणजे आकडे निघणारच. जपानी मोजणी दहा हजाराच्या ‘मान’वर चालते. एक लाख म्हणजे ‘जूमान’, दहा लाख ‘ह्याकुमान’, एक कोटी ‘इस्सेनमान’. लाखावरून थेट मानवर या. मध्ये मिलियन आणलात की शून्यं चुकतात.