थिसिसचा प्लॉट बांधापलीकडे न्यायचाय

प्रश्न: ताई, मी एमएस्सी ॲग्रीच्या पहिल्या वर्षाला आहे. थिसिसचा प्लॉट कॉलेजच्या फार्मवर, पाणी-खत सगळं वेळेवर. पण छोट्या शेतकऱ्याला याचा काय उपयोग असं सारखं वाटतं. काय करू?

उत्तर: अगं, हा प्रश्न बऱ्याच गाइडनाही पडत नाही! जगातली साधारण ८४ टक्के शेतं २ हेक्टरपेक्षा लहान आहेत, तिथं पाणी उशिरा येतं, खुरपणीला माणूस मिळत नाही, खत अर्धंच पडतं, मग फार्मवरचा रिझल्ट टिकणार कसा? १९९० च्या दशकात मलावीत 'मदर-बेबी ट्रायल' पद्धत निघाली ती बघ. मध्यवर्ती प्लॉटवर ('मदर') सगळ्या ट्रीटमेंट (तपासायचे वाण, खताचे डोस वगैरे) रेप्लिकेशनसकट, म्हणजे प्रत्येक पुन्हा पुन्हा लावून, आणि आसपासच्या शेतकऱ्यांकडे ('बेबी') त्यातल्या मोजक्याच, त्या त्यांनी स्वतःच सांभाळायच्या. म्हणजे स्टॅटिस्टिक्सही जमतं आणि एखादी शेतकरीण "उतारा चांगलाय, पण शिजायला लई वेळ लागतो" असं सांगून जाते, ज्याचा तुझ्या डेटाशीटमध्ये कॉलमच नसतो. गाइडशी सिनॉप्सिसच्या (थिसिसच्या आराखड्याच्या) आधीच बोल, नंतर कुणी बदलू देत नाही. आणि सीझनभराचा प्रवासखर्च बजेटमध्ये घाल, तो हमखास विसरतात.