दर १० मिनिटांना एक अपॉइंटमेंट, तरी उशीर का होतो?

एका पेशंटला तपासायला सरासरी १० मिनिटं लागतात आणि नंबरही १० मिनिटांनीच देतात, मग पेशंट ताटकळतात का, असं तुम्ही विचारलंय. ओपीडीच्या वेळापत्रकांची मॉडेलं करणं हे माझं रोजचं काम आहे. उशीर होतो तो प्रत्येकाला लागणाऱ्या वेळेतल्या चढउतारामुळे, सरासरी कितीही बरोबर असली तरी.

समजा, पहिल्या चौघांना ४, १६, ५ आणि १५ मिनिटं लागली. सरासरी बरोबर १०. पहिला पेशंट १०:०४ ला बाहेर पडला, दुसरा १०:१० ला येणार. डॉक्टरांची ६ मिनिटं रिकामी गेली आणि ती काही परत मिळत नाहीत. पुढे मांडून बघा: १०:४० चा पाचवा पेशंट १०:४६ ला आत जातो. प्रत्येकाचं थांबणं काढायचं सूत्र ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ डेनिस लिंडली यांनी १९५२ मध्ये दिलं: आधीच्याचं थांबणं, अधिक त्याला लागलेला वेळ, वजा दोन नंबरांमधलं अंतर, उत्तर ऋण आलं तर शून्य. एक्सेलमध्ये सहज बसतं.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये बेली आणि वेल्च या संशोधकांनी उपाय सुचवला: सुरुवातीला दोघांना एकदम बोलवा, मग सरासरी अंतराने एकेकाला. आपल्या उदाहरणात म्हणजे १०:०० ला दोघं, मग १०:१०, १०:२०, १०:३०. आता डॉक्टर एक मिनिटही रिकामे बसत नाहीत, पण पाचही पेशंटचं मिळून थांबणं १३ मिनिटांवरून २९ वर जातं.

खरा प्रश्न इथे आहे. डॉक्टरांचं १ मिनिट पेशंटच्या ३ मिनिटांइतकं मोलाचं धरलं, तर वाचलेली ६ मिनिटं १८ च्या तोलाची होतात आणि वाढलेल्या १६ मिनिटांना पुरून उरतात. २ मिनिटांइतकं धरलं, तर हाच उपाय तोट्यात जातो. हा आकडा गणित ठरवत नाही, माणसं ठरवतात, आणि बहुतेक ठिकाणी तो न बोलताच डॉक्टरांच्या बाजूने ठरलेला असतो. मला हे खटकतं. रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाचं मिनिटही मोजलं पाहिजे.

न येणारे आणि नंबर न लावता येणारे पेशंट धरले की हिशेब आणखी बिघडतो. पण एक बदल फुकटात करता येतो: ज्यांना साधारण ठरावीकच वेळ लागतो, असे फॉलो-अपचे पेशंट आधी ठेवा आणि नवे नंतर. नव्या पेशंटला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. तो सकाळीच लांबला तर मागच्या सगळ्यांना झळ लागते, शेवटी लांबला तर थोड्यांनाच.