आधी सुखात आठव

बाळा, काहीच टिकत नाही हे आठवत राहण्याचा, म्हणजे अनित्यतेचा सराव तुला करायचाय, तर थेट स्मशानचिंतनाने (प्रेताच्या नाशावरच्या ध्यानाने) सुरुवात करू नकोस; घाबरशील आणि सोडून देशील. सध्या दोनच गोष्टी.

पहिली, आनंदात आठव. नवखे इथेच चुकतात: दुःखात 'हेही जाईल' म्हणतात, बढती मिळाली की विसरतात. रात्री इंदूरच्या सराफा बाजारात, खाऊच्या ठेल्यांवर गरम जिलबी खाताना एकदा मनात म्हण, हे राहणार नाही. जिलबी कडू होत नाही! (भुट्ट्याचा कीसही चालेल.) सकाळी ते ठेले नसतात, तिथेच सोनारांची दुकानं उघडतात.

दुसरी, महिन्यातून एकदा तिथल्याच होळकरांच्या राजवाड्यासमोर पाच मिनिटं उभा राहा. १८०१ मध्ये जाळला, १९८४ मध्ये पुन्हा जळला, पुन्हा बांधला.

आणि दुसऱ्याच्या दुःखात हे ज्ञान पाजळू नकोस. मी एकदा सुतकाच्या घरी पाजळलं. मावशी वर्षभर बोलल्या नाहीत.