कवटीचं हाड परत कधी बसवायचं: कॅलेंडर नको, खड्डा बघा

अपघातानंतर मेंदूची सूज वाढली म्हणून भावाच्या उजव्या बाजूचं हाड काढून पोटाच्या कातडीखाली ठेवलंय. आज आठ आठवडे झाले. एक सर्जन म्हणतात लगेच बसवू, दुसरे म्हणतात तीन महिने थांबा. कुणाचं ऐकायचं आणि नंतर सावरायला किती दिवस लागतील, हा तुमचा प्रश्न. दोघांपैकी कुणीच चुकीचं सांगत नाहीये. पूर्वी सरसकट तीन ते सहा महिने थांबत. हल्ली सहा आठवड्यांच्या आत केलं तर अतिलवकर, सहा आठवडे ते तीन महिने लवकर आणि सहा महिन्यांपुढे उशिरा असं मानतात. लवकर केलं म्हणून संसर्ग होतोच असं नाही. म्हणून आठवडे मोजण्यापेक्षा भावाचं डोकं नीट बघा.

तो आडवा असताना हाड नसलेल्या जागेवर स्वच्छ तळहात अलगद ठेवा. जागा गालासारखी मऊ लागली आणि त्याला उठून बसवल्यावर वाटीसारखी आत गेली, तर सूज ओसरलीय. उठून बसल्यावरही ती फुगलेली, ताठ लागत असेल तर हाड बसवण्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत पाणी साठलंय का ते बघावं लागतं. पाणी असेल तर शंट (ते पाणी मेंदूतून काढून बहुधा पोटात सोडणारी नळी) हाडाच्या आधी, नंतर की एकाच वेळी, हा प्रश्न सर्जनला स्पष्ट विचारा. दोन्ही एकाच वेळी केल्यास गुंतागुंत जास्त होते, त्यामुळे बरेच जण टप्प्याटप्प्याने करतात. शंट आधीच असेल आणि खड्डा फार खोल गेला असेल, तर बाहेरून दाब बदलता येणारा व्हॉल्व्ह उपयोगी पडतो.

याच्या उलट, हाड लवकर बसवायला हवं याची खूण ही: भाऊ उठून बसला की डोकं दुखतं, चक्कर येते, हातापायातली ताकद कमी होते किंवा बोलणं अडखळतं, आणि आडवा झाला की बरं वाटतं. अशा रुग्णाला तीन महिने थांबवण्यात अर्थ नाही. उघड्या जागेवर बाहेरच्या हवेचा दाब पडतो, खालच्या मेंदूचा रक्तपुरवठा आणि पाण्याचं वहन बिघडतं. हाड बसल्यावर यातले काही जण थोड्या दिवसांत जास्त सावध होतात, चालणं सुधारतं. मात्र मूळ माराने मेला तो भाग परत येत नाही, ही अपेक्षा आधीच जुळवून घ्या.

थांबवणारी कारणं वेगळी असतात. जुन्या व्रणावर, विशेषतः कानापुढच्या टोकाला, काळी खपली, पू किंवा ओल असेल, लघवीत संसर्ग, पाठीला बेडसोर किंवा गळ्याच्या नळीतून घाण स्राव असेल, तर ते आधी बरं करायचं. सीबीसी, ईएसआर, सीआरपी या संसर्ग-सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या बघूनच तारीख घ्या. हाडाला एकदा संसर्ग झाला असेल तर सहसा काही महिने थांबून दुसरं साहित्य वापरतात. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते कधी बंद करायचं ते डॉक्टरांनाच विचारा, मनाने बंद करू नका. फिटच्या गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत. ऑपरेशनच्या सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, हे भूलतज्ज्ञांना विचारून ठेवा. तोवर उभं राहताना हेल्मेट, आणि त्या कुशीवर झोपणं नाही.

पोटातलं हाड जितका काळ राहील तितके त्याचे काठ झिजत जातात आणि बसवताना सैल पडतं. हाड फ्रीजरमध्ये ठेवलं असेल तर लेबलवरचं नाव आणि तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. हाड तुकड्यांत असेल किंवा निरुपयोगी असेल तर टायटॅनियम जाळी, बोन सिमेंट किंवा पीक (PEEK) नावाच्या प्लास्टिकचा मापाने घडवलेला भाग हे पर्याय असतात. मापाच्या भागासाठी पातळ स्लाइसचा सीटी लागतो, तो भाग घडवायलाही वेळ जातो, म्हणून लवकर ठरवा. सरकारी योजनेत असाल तर इम्प्लांटचा खर्च पॅकेजमध्ये धरलाय का, हे आरोग्यमित्राकडून आधीच समजून घ्या.

ऑपरेशन साधारण दोन-तीन तासांचं. जुनाच व्रण उघडतात, कातडी मेंदूच्या आवरणापासून सोडवतात आणि हाड पट्ट्या व स्क्रूने बसवतात. कातडीखालचा ड्रेन (साठलेलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) साधारण एक-दोन दिवस असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या बाजूचा डोळा सुजून बंद झाला तर घाबरू नका, आठवड्यात ओसरतो. चावताना दुखणं तर बहुतेकांना होतं, कारण कानशिलाचा स्नायू सोडवलेला असतो: मऊ भात, खिचडी द्या आणि दिवसातून काही वेळा तोंड हळू उघडायला लावा. तो स्नायू नंतर वाळून कानशील थोडं खोलगट दिसू शकतं, ते हाड सरकल्याचं लक्षण नाही. घरी जायला चार-सात दिवस, टाके काढायला दहा-चौदा. वजन उचलणं चार ते सहा आठवडे बंद.

टाके ओले होणं, स्वच्छ पाण्यासारखा स्राव, 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप, वाढती सूज, उलट्या, सुस्ती, नवी फिट किंवा नवी कमजोरी यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, फोनवर विचारत बसू नका. याआधी कधी फिट आली नसली तरी हाड बसवल्यावर पहिली फिट येऊ शकते, म्हणून गाडी चालवणं डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच.

स्वतःचं हाड बसवलं असेल तर ते विरघळतं का यावर लक्ष ठेवा, लहान मुलांत हे जास्त होतं. बोटाला काठाशी खळगा लागणं, स्क्रू टोचणं किंवा हाड हललेलं जाणवणं या खुणा. वर्षभराच्या आसपास एक सीटी करून घ्या, कारण वरून व्यवस्थित दिसणारं हाड आतून पातळ झालेलं असू शकतं.