अंगठ्याची सूज उतरली, आता पुढे काय?

प्रश्न : माझे वय ५४ वर्षे असून मी ठाण्यात पाचपाखाडीत राहतो. गेल्या महिन्यात पुतण्याच्या साखरपुड्याहून रात्री उशिरा परतलो. झोपताना पाय व्यवस्थित होता. पहाटे तीनच्या सुमारास मात्र उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असा ठणका लागला, की पांघरुणाचा स्पर्शही सहन होईना. सकाळी तो भाग लालबुंद होऊन सुजला होता. घरच्यांनी तेल चोळून शेक दिला, त्याने दुखणे वाढलेच. दुसऱ्या दिवशी केलेल्या तपासणीत युरिक अॅसिड ६.४ आले, म्हणून ‘गाऊट नाही, पाय मुरगळला असेल’ असे सांगण्यात आले. केमिस्टकडून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर आठ दिवसांत सूज उतरली आणि तिथली कातडी सुटली. मी रक्तदाबाची गोळी घेतो. घरात आता डाळी आणि पालक बंद केले आहेत. हे योग्य आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण केलेले वर्णन गाऊटच्या, म्हणजे आयुर्वेदात ज्याला वातरक्त म्हणतात त्या दुखण्याच्या, पहिल्या झटक्याशी फार जुळते, सूज उतरताना कातडी सुटणे हीसुद्धा त्याचीच खूण असू शकते. युरिक अॅसिड दीर्घकाळ ६.८ मिलिग्रॅमच्या वर राहिले, की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत साचतात, आणि शरीराच्या मानाने थंड असलेल्या अंगठ्याच्या सांध्यात ते बहुधा आधी साचतात. ऐन झटक्यात मात्र रक्तातील पातळी पुष्कळदा खाली येते, त्यामुळे त्या दिवशीच्या ६.४ या आकड्यावरून गाऊट नाही असे ठरवता येत नाही. झटका ओसरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी ही तपासणी पुन्हा करावी आणि सोबत मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे क्रिएटिनिनही पाहावे. निदानाची पक्की खात्री सांध्यातील पाणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून होते.

आपल्या पत्रातील सर्वांत काळजीची गोष्ट मला केमिस्टकडून आणलेल्या गोळ्यांची वाटते. रक्तदाबाच्या रुग्णाने वेदनाशामके स्वतःच्या मनाने घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. शिवाय रक्तदाबाच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारे औषध असते, जे युरिक अॅसिड वाढवते. आपल्या गोळीचे वेष्टन डॉक्टरांना दाखवावे. ती स्वतःहून बंद मात्र करू नये.

डाळी आणि पालक पुन्हा सुरू करावेत, कारण त्यांतील प्युरिनमुळे (ज्या घटकापासून शरीरात युरिक अॅसिड बनते) गाऊटचा धोका वाढत असल्याचे दिसलेले नाही. कलेजी, भेजा, मांदेली, तारली, बिअर आणि गोड शीतपेये यांना आवर घालावा. केवळ पथ्याने युरिक अॅसिड थोडेच उतरते, त्यामुळे घरच्यांनी ताटातील प्रत्येक पदार्थाचा धसका घेऊ नये.

पुन्हा ठणका लागला तर पाय उशीवर उंच ठेवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे धरावा, चोळणे व शेकणे टाळावे आणि पहिल्या दिवशीच डॉक्टरांना गाठावे, कारण कोल्चिसीनसारखी औषधे लवकर घेतल्यास अधिक उपयोगी पडतात. वर्षातून दोन किंवा अधिक झटके आले, किंवा मूत्रपिंडाचा विकार असला, तर अॅलोप्युरिनॉलसारखे औषध सुरू करून पातळी ६ च्या खाली ठेवावी लागते. या उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत झटके येऊ शकतात. त्याला घाबरून अनेक जण गोळी सोडतात आणि मूळ दुखणे तसेच राहते.

मात्र पायाची प्रत्येक सूज गाऊटची नसते. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर बोटांच्या बेचक्यांतील चिरांमधून जंतुसंसर्ग होऊन पाय लाल व गरम होतो आणि ताप भरतो. लांबच्या प्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. या दोन्ही प्रसंगी, तसेच मधुमेही व्यक्तीचा पाय न दुखताही सुजला तर, त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी; आणि पोटरीच्या सुजेसोबत धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.